ठमके मॅडमचा हात

ठमके मॅडमच्या हातचा मार खाल्लेली माणसं यवतमाळात अजून भेटतात. कुणी डॉक्टर झालाय, कुणाचं औषधांचं दुकान आहे, कुणी निवडणुकीला उभा राहून पडलाय. चहाच्या टपरीवर ही मंडळी एकमेकांना गाल दाखवतात आणि आपल्याला कशासाठी पडली होती ते अशा थाटात सांगतात की नवख्याला वाटावं, यांना पदकच मिळालं होतं. मॅडमच्या हाताखाली सर्वांत जास्त वर्षं मी काढली, पण हा मान मला फार उशिरा मिळाला. तो कसा मिळाला ते सांगितल्याशिवाय मॅडम सांगून पुऱ्या होणार नाहीत.

कुसुम ठमके, यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक. वडील राजूरच्या कोळसा खाणीत कामाला. सुरुंगांनी त्यांचे कान गेलेले, म्हणून त्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. ती सवय मॅडमना कायमची लागली. त्या मायेनं चौकशी करायला लागल्या की शेजारच्या खोलीतले लोक भांडण सोडवायला यायचे. बुटक्या, खांद्यात रुंद, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा आणि पायात पुरुषी चामडी चपला. त्यांच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली बसून त्या फोनवर कुणाला तरी फाडून खात असायच्या. मी एकदा भीत भीत म्हणालो, "मॅडम, निदान वर तरी बघा." त्या म्हणाल्या, "मी काहून पाहू? तोच पाहून राह्यला माह्याकडे. त्याले माहीत हाय, ही काही सुधरत नाही."

आयुष्यभर त्यांनी एकच विषय धरला. कोलेस्टेरॉल शरीरात बनतं कसं, रक्तातून जातं कुठे, आणि जिथे जायचं तिथे गेलं नाही तर माणसाचं काय होतं. त्यांच्या उमेदीच्या काळात बकऱ्याच्या ताज्या यकृतातून एक एन्झाइम वेगळं करायचं काम चालू होतं. शरीर कोलेस्टेरॉल तयार करतं ते त्याच्या जोरावर. पण जनावर पडल्यापासून यकृत बर्फात जायला उशीर झाला की एन्झाइम निकामी. मी तेव्हा प्रयोगशाळेत सहायक म्हणून नवीन लागलेलो, बर्फाची पेटी धरायला मला नेलं होतं. बकरा पडला आणि कादरभाई खाटीक शेजारच्या गिऱ्हाइकाशी भाव करत बसले. मॅडमनी त्यांच्या हातातून सुरी घेतली. "मॅडम, मैं काटता हूँ ना, आप पीछे हटो," एवढंच कादरभाई म्हणू शकले. मॅडमनी पोट उभं फाडलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि वाफाळतं यकृत ओढून काढून माझ्या पेटीत टाकलं. चष्म्यावर रक्त, पदरावर रक्त. तशाच त्या स्कूटरवर बसल्या. कॉलेजच्या पहारेकऱ्यानं आम्हाला बघून फाटक लावून घेतलं होतं. पुढे कादरभाई मला म्हणाले, "ये बाई खाटीक के घर पैदा होती, तो हमारा धंदा बैठ जाता."

विद्यार्थ्यांना मार बसायचा तो मात्र एकाच गुन्ह्यासाठी. न केलेल्या तपासणीचा आकडा लिहिला की. पोरगा प्रामाणिकपणे चुकला तर मॅडम त्याच्याजवळ बसून पुन्हा करून घ्यायच्या. पण आकडा मनानं लिहिलेला सापडला की आधी हात चालायचा. "मनातून आकडा काढते? मनातून कविता काढ, कोणी मरत नाही." आणि दुसरा नियम असा की प्रत्येक तपासणी दोनदा. यंत्र कितीही भारी असो, नमुना कुणाचाही असो. "एकदा केली म्हंजे केलीच नाही." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की अजून मी घराला कुलूप लावलं की परत येऊन ओढून बघतो.

मग मोहदरी आली आणि बकऱ्यांची यकृतं मागे पडली.

मोहदरी हे घाटंजीच्या पलीकडचं छोटं गाव. तिथून ममता नावाची पाचवीतली मुलगी छातीत कळ येते म्हणून दवाखान्यात आली. तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि टाचेच्या मागे कातडीखाली पिवळ्या गाठी होत्या. वॉर्डातल्यांनी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवायचं ठरवलं. मॅडमनी तिची टाच नुसती दोन बोटांत धरून पाहिली आणि मग दुसरी टाचही धरून पाहिली. कोलेस्टेरॉलच साचून साचून गाठी झाल्या होत्या. हा रोग रक्तातून उतरतो, इतका जड क्वचितच दिसतो, आणि मॅडमनी तो आजवर पुस्तकातच पाहिला होता.

गावात गेलो तर त्या गाठींना नावच होतं, दाणे. काही घरांतल्या पोरीबाळींच्या बोटांच्या सांध्यांवर, टाचांवर असे दाणे यायचे. गावदेवीनं आपल्या ओंजळीतले दाणे दिले अशी समजूत. दाणेवाली पोर ज्या घरात जाईल त्या घरची कोठी कधी रिती होत नाही. मग असली लक्ष्मी बाहेर कोण जाऊ देतो? तिला आत्या आपल्या पोरासाठी मागून ठेवायची, नाहीतर मामाच्या घरात द्यायचे. पिढ्यान्‌पिढ्या दाण्यांची दाण्यांशी लग्नं लागत होती. आणि त्याच घरांतले पुरुष ऐन तारुण्यात वखरामागे चालता चालता छाती धरून कोसळत होते. ते देवीनं बोलावलं म्हणून गेले, असं गाव मानायचं.

मधे एकदा खंड पडला तो सोडला तर मॅडम वर्षानुवर्षं तिथे जात राहिल्या. रक्त काढायच्या, आणि ज्यांचं वाढलेलं निघालं त्यांना गोळ्या द्यायच्या. गोळी द्यायची पद्धतही खास होती. देवळाच्या ओट्यावर बाप्ये रांगेत बसवायचे. "तोंड उघड. जीभ वर कर." एकानं गोळी जिभेखाली लपवली. मॅडमनी त्याच्या तोंडात बोटं घातली, तो कडकडून चावला. मॅडमनी ना बोटं काढली ना त्याचा कान सोडला. शेवटी त्यानंच गिळली. खात्यातले लोक मॅडमना माघारी गुरांचा डॉक्टर म्हणायचे. पण ओट्यावरचे ते बाप्ये जगले. त्यांचे बाप ज्या वयात गेले ते वय ओलांडून ते आजही बैलबंडी जुंपतात. मोहदरीवर मॅडमनी जे शोधनिबंध लिहिले त्यांत गावाचं नाव कुठेच नाही. परदेशातल्या एका संपादकानं हट्ट धरला, तर मॅडमनी निबंध मागे घेतला. मला म्हणाल्या, "नाव छापलं तं उद्या तिथल्या पोरी कोण करीन? लग्न व्हायचे हायेत त्यांचे."

ममता मात्र गोळ्यांनी ऐकणारी नव्हती. तिचं रक्त यंत्रातून धुवायला हवं होतं आणि तसलं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मोठ्या शहरात न्यायची तयारी चालू असतानाच भर दुपारी वॉर्डात तिचं हृदय थांबलं. मॅडमनी तिची छाती इतका वेळ दाबली की बरगडी मोडल्याचा आवाज आला. शेवटी दोन नर्सनी त्यांना ओढून बाजूला केलं.

ममताचा बाप नामदेव. गावात शब्दाला वजन असलेला, उंचापुरा, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. त्याची बायको त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. तो वऱ्हांड्यात बसला होता. मॅडम बाहेर आल्या तर तो म्हणाला, "देवीनं आपले दाणे परत नेले, बाई. आता थोरलीले बहिणीच्या घरी लवकर देऊन टाकतो. रेखालेबी दाणे हायेत."

मॅडमनी त्याला मारलं. सगळ्या वऱ्हांड्यासमोर, भावकीसमोर, पोरगी आत थंड होत असताना. टोपी उडून थुंकलेल्या कोपऱ्यात पडली. नामदेवनं ती उचलली नाही. तो एवढंच म्हणाला, "माह्या बापानं हात लावला नाही मले. तू कोण व?" भावकीतलं कुणीतरी मॅडमची जात काढून बोललं. मॅडमनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. परतताना मात्र त्या मला म्हणाल्या, "हात चालला तं त्याचं तोंड बंद झालं, गावंडे. कानबी बंद झाले. आता तो माहं काहीच आयकत नाही." असं त्या स्वतःच्या हाताविषयी पहिल्यांदाच बोलत होत्या.

गाव बंद झालं. रक्त पेनारी बाई, तिनं ममताचं रक्त काढलं म्हणून पोर गेली, असा बोभाटा झाला. ओट्यावर कुणी बसेना. आणि उन्हाळ्यात रेखाचा फोन आला. थोरली, बारावी झालेली. तिच्या उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर आणि टाचांवर दाणे होते, म्हणून आत्यानं, सुभद्राबाईनं, तिला ते दिसताच आपल्या गजाननसाठी मागून ठेवलेली. गजाननचं रक्त मॅडमनी तपासलेलं होतं आणि रेखाचंही. दोघांच्याही रक्तात तो रोग निम्मा उतरलेला.

"मॅडम, उद्या लग्न हाय," रेखा म्हणाली. "तुमी म्हनल्या होत्या, आमच्या दोघांच्या लेकराले ममतासारखं होऊ शकते. ते खरं हाय का?"

"दोनदा तपासलं हाय मी."

"मी नाही म्हनलं. कोणी आयकून नाही राह्यलं."

दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीतून आम्ही निघालो. मॅडमच्या मांडीवर बर्फाची छोटी पेटी होती. कुठेही जाताना ती असायचीच, जशी दुसऱ्या बायकांची पर्स. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "आज हात नाही उचलत मी. तू पाह्य."

मांडवाबाहेर त्या सुभद्राबाईला बाजूला घेऊन उभ्या राहिल्या आणि खरोखरच हळू आवाजात बोलू लागल्या. "बाई, दिग्रसच्या जिनिंगसमोर कापसाच्या बंड्या पाह्यल्या ना? फाटक उघडं असलं तं बंडी आत जाते, रस्ता मोकळा. फाटक बंद असलं तं बंड्या रस्त्यावरच उभ्या, पुरा रस्ता जाम. तसेच आपल्या अंगात चरबीचे फाटक हायेत. एक फाटक बाप देते, एक माय देते. रेखाचं एक बंद हाय, गजाननचंबी एक बंद हाय. त्याहीच्या लेकराले दोघाहीचे बंदच भेटले तं? ममताचे दोन्ही बंद होते."

सुभद्राबाई हाताच्या दाण्यांवरून अंगठा फिरवत ऐकत होती. ती म्हणाली, "मी हे दाणे घेऊन आली तवापासून माही कोठी रिकामी नाही झाली, मॅडम."

"अन् पाळणा?"

सुभद्राबाईचा अंगठा दाण्यावर थांबला. गजाननच्या आधीची तिची दोन लेकरं दाण्यांसकट गेली होती. ती काही बोलणार होती असं मला अजून वाटतं, पण तेवढ्यात मांडवातून नामदेव आला आणि त्यानं मॅडमच्या मुस्काटात मारली. चष्मा मातीत पडला. मॅडमनी हात वर नेला, तसाच खाली घेतला आणि म्हणाल्या, "फिटलं. आता तं आयक माहं."

कुणी ऐकलं नाही. "रक्त पेनारी आली" अशी आरोळी झाली आणि मांडवच्या मांडव अंगावर आला. मला दोघांनी गाडीवर दाबून धरलं, माझ्या डोळ्यांदेखत काचा फुटल्या. मॅडमना खाली पाडून लाथा घालत होते. बायका शिव्या देत होत्या. बर्फाची पेटी वाचवायला मॅडमनी उजव्या हातानं ती छातीशी धरली होती, तर एकानं मांडवाची बल्ली उचलून त्या हातावर घातली. एकदा, मग परत. बोटं मोडल्याचा आवाज बँडच्या गोंगाटात मला ऐकू आला की मी तो नंतर मनानं भरला, सांगता येत नाही.

मग बँड थांबला. हळदीनं माखलेली रेखा घराच्या दारात उभी होती आणि तिच्या डाव्या हातात विळा होता. ती सरळ आत्यासमोर गेली. उजव्या हाताची मूठ वळून तिनं मांडवाच्या खांबाला टेकवली आणि मधल्या बोटाच्या सांध्यावरचा दाणा विळ्यानं कापून काढला. ती ओरडली नाही. विळा बोथट असावा, तिला दोनदा ओढावा लागला. रक्त हळदीच्या पातळावरून खाली आलं.

"घ्या आत्याबाई," ती म्हणाली. "तुमाले दाणे पायजे होते ना. हे घ्या. बाकीचेबी देतो."

आणि तिनं विळा दुसऱ्या सांध्यावर ठेवला. तो सुभद्राबाईनं धरला. तिचा स्वतःचा तळवा चिरला, पण तिनं सोडला नाही. मांडवात दाणा सांडला, नवरीचं रक्त सांडलं. आता असल्या मांडवात लग्न लावायला गावात कुणी तयार झालं नसतं. सुभद्राबाईनं गजाननच्या बाशिंगाला हात घातला, ते उतरवलं आणि भावाकडे न बघता म्हणाली, "चाल रे घरी." ज्या समजुतीनं ते लग्न जमलं होतं, त्याच समजुतीनं ते मोडलं.

मॅडम तोवर गुडघ्यांवर रांगत रेखापर्यंत पोचल्या होत्या. पदर फाडून दातांनी गाठ मारून त्यांनी तिचं बोट बांधलं आणि तिला शिव्या घातल्या. "अशी कापतेत का व? नस तोडली ना. आता सरळ नाही होत ते बोट." नंतर मी जे पाहिलं ते त्या दिवसातलं सर्वांत मॅडमसारखं होतं. उजवा हात लोंबत असताना त्यांनी डाव्या हातानं मातीत चाचपून तो दाणा शोधला, पेटीतल्या नळीत टाकला आणि बूच लावलं.

आम्हाला यवतमाळला नामदेवनंच आणलं, त्याच्या जीपमधून. रेखा पुढे, आम्ही मागे. घाटंजी मागे पडलं. मग मॅडमनी विचारलं, "नामदेवराव, गोळी घेतली का आज?" त्यानं नकारार्थी मान हलवली. मॅडमनी डाव्या हातानं पिशवीतून गोळी काढून पुढे केली. गाडी थांबवून नामदेवनं तोंड उघडलं, गिळली, आणि न सांगता जीभ वर करून दाखवली. मग तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. पोलिसांनी नंतर तक्रार लिहून घ्यायला खूप आग्रह केला. मॅडम म्हणाल्या, "सुरुवात मी केलती. दवाखान्यात."

रेखाचं बोट बरं झाल्यावर मॅडमनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. तो दाणा द्रावणात विरघळवला, त्यावर आम्लाचे थेंब सोडले. नळीत आधी लालसर, मग निळसर, मग गडद हिरवा रंग चढला. कोलेस्टेरॉल असलं की असाच चढतो. "पाह्य," मॅडम म्हणाल्या, "तुह्या अंगात देवीबी नाही अन् करणीबी नाही. हे हाय." मग त्यांनी दुसऱ्या नळीत पुन्हा तेच करून दाखवलं. रेखा त्या हिरव्याकडे कितीतरी वेळ बघत बसली होती.

मॅडमचा उजवा हात वाकडाच जुळला. पिपेट धरता येईना म्हणून त्या डाव्या हातानं शिकल्या, आणि पोरांना मारणं थांबलं. धाक राहिला, पण मार गेला. निवृत्तीनंतरही त्या राजूरहून एसटीनं यायच्या आणि फ्रीजरमधल्या मोहदरीच्या नळ्या तपासून जायच्या. हळूहळू पोरं त्यांना मऊ म्हातारी समजू लागली. मला ते बघवत नव्हतं.

रेखानं पुढे नात्याबाहेर लग्न केलं, दिग्रसच्या डेपोतल्या एका कंडक्टरशी. दोन वर्षांची मुलगी घेऊन ती खात्यात आली तेव्हा मॅडमना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. रक्त त्यांनी स्वतः काढलं, डाव्या हातानं. पोरीनं भोकाड पसरून त्यांना अशी लाथ मारली की चष्मा उडाला. "पायात जोर हाय," मॅडम खूश होऊन म्हणाल्या. ममतासारखं होणार नाही हे ठरलेलंच होतं; बापाकडचं फाटक उघडं होतं. पण आईकडून बंद आलं असतं तर जन्माच्या गोळ्या आणि जन्माची भीती आलीच असती.

यंत्र मी चालवलं. आकडा आला तसा मी कागद घेऊन वऱ्हांड्यात पळालो. पोरं उभी होती, रेखा उभी राहिली.

"मॅडम, नॉर्मल आहे. एकदम नॉर्मल."

"दुसऱ्यांदाबी?"

"अजून नाही केली, पण..."

मॅडमनी मला उजव्या हातानं एक मारली. वाकडी बोटं कानशिलावर अशी बसली की डोळ्यांपुढे पिवळं झालं. "त्या पोरीनं बोट कापलं," मॅडम म्हणाल्या, "अन् तू एकदाच पाहून नाचून राह्यला?"

मी आत गेलो. पुन्हा नमुना लावला, कान वाजत असताना यंत्रासमोर उभा राहिलो. आकडा तोच आला. बाहेर आलो तर मॅडम बाकावर बसल्या होत्या, पोर रडून रडून त्यांच्या मांडीवर झोपलेली. त्या वाकड्या बोटांनी तिची टाच चाचपत होत्या, वरून खाली, परत वरून खाली. त्यांनी कागद वाचला आणि रेखाच्या हातात दिला. "घे. दोन्ही फाटकं उघडे हायेत."

रेखा तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"लागलं का रे?"

"लागलं, मॅडम. लई लागलं."

त्यांनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून उलटासुलटा करून बघितला. "चालते म्हंजे अजून," त्या म्हणाल्या. मग पोरीला खांद्यावर टाकून, रेखाचं सरळ न होणारं बोट आपल्या मुठीत धरून, त्या एसटीसाठी जिना उतरायला लागल्या.

त्यानंतर मॅडम मला दिसल्या नाहीत. पावसाळ्यात राजूरहून निरोप आला. हल्ली टपरीवर मंडळी जमली की मीही खुर्ची ओढून बसतो, आणि माझी पाळी आली की गाल दाखवतो.